टिटवी १२०० : एका नसलेल्या मोटार कारखान्याच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

आज कामाला सुरुवात. तारवा नावाचं एक बेटराष्ट्र आहे, जे नकाशावर नाही. त्याचा सरकारी मोटार कारखाना आहे, जो कधी उभा राहिला नाही. आणि त्या कारखान्याचा ३२ पानी कॅटलॉग आहे, जो मात्र मी खरोखर छापणार आहे. चित्रं माझी, मजकूर माझा, छपाई पाडव्याच्या आत.

तारव्याबद्दल आतापर्यंत एवढंच ठरलंय: १९६१ ला स्वातंत्र्य, लोकसंख्या ४० लाख, जांभा दगड, खारा वारा, लाल मातीचे रस्ते. १९६८ मध्ये सरकार ठरवतं की देशाची स्वतःची गाडी हवी. गाडी कशी बनवतात हे बेटावर कोणालाच ठाऊक नाही. मग बाहेरच्या कंपनीची गाडी आणायची, तिला आपलं नाव द्यायचं, आपला बिल्ला लावायचा. जगात हे अनेक देशांनी केलंय, आपणही केलंय. त्यात एक देश नेमकं काय मिळवतो, ते मला या कॅटलॉगमधून शोधायचंय.

गाड्यांची नावं पक्ष्यांची. टिटवी, खंड्या, घार. पहिली टिटवीच, कारण ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण एखाद्या लहान बेटाने कारखान्याच्या फाटकावर कोरावी अशीच आहे.

११ जानेवारी

मूळ गाडी कोणाची? आठवडाभर वहीत ‘फियाट १२४’ असं लिहून ठेवलं होतं, आणि मोह पडण्यासारखीच ती गाडी आहे. १९६६ ला इटलीत आली. चौकोनी, साधी, दुरुस्तीला सोपी. स्पेनच्या सेआटने ती १९६८ पासून बनवली. सेआट ही मुळात स्पॅनिश सरकारने १९५० साली फियाटच्या मदतीने उभी केलेली कंपनी. तुर्कस्तानात बुर्सा शहरात १९७१ पासून तीच गाडी ‘मुरात १२४’ झाली. सोव्हिएत संघात तिची झिगुली झाली आणि निर्यातीला लाडा. आपल्याकडे प्रीमियरने १९८५ साली तिच्या सेआटने बदललेल्या रूपात निसानचं इंजिन बसवलं आणि ११८ एनई म्हणून विकली. एक सांगाडा, आणि त्याला आपलं म्हणणारे इतके देश!

तरी आज ते नाव खोडलं. तारवा खोटा, पण फियाट खरी. खऱ्या कंपनीच्या तोंडी मी खोटे करार घातले तर वाचणाऱ्याला कुठे इतिहास संपतो आणि कुठे माझी कल्पना सुरू होते ते कळणार नाही. कॅटलॉगमध्ये फक्त ‘मूळ कंपनी’ असा उल्लेख राहील. खऱ्या गोष्टी या वहीत.

१८ जानेवारी

दिवसभर तोल्यात्ती या रशियन शहराबद्दल वाचन. व्होल्गेच्या काठी सोव्हिएत सरकारने फियाटशी १९६६ मध्ये करार करून अख्खा कारखाना उभारला. गावाचं नाव त्याआधीच, १९६४ मध्ये, इटालियन कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्यात्ती यांच्यावरून बदललेलं होतं. पहिल्या सहा गाड्या १९ एप्रिल १९७० ला जोडून बाहेर आल्या.

बाहेरून बघणारा म्हणेल, फियाट १२४ ला रशियन बिल्ला लावला. पण आतल्या बदलांची यादी वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली. इटलीहून आणलेल्या गाड्या तिथल्या खराब रस्त्यांच्या चाचणीत टिकल्या नाहीत, सांगाड्याला तडे गेले. म्हणून पत्रा जाड केला. गाडी जमिनीपासून उंच केली. मागच्या चाकांचे डिस्क ब्रेक चिखल आणि खडीने झिजून जात, तिथे ड्रम ब्रेक बसवले. इंजिनाची रचना बदलली, कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वर नेला. कडाक्याच्या थंडीत बॅटरी झोपली तर हाताने फिरवून चालू करता यावी म्हणून पुढे हँडल घालायची सोय ठेवली. असे बदल आठशेच्या वर भरतात.

हे नुसतं बिल्ला लावणं नव्हे. बिल्ला लावायला एक दुपार पुरते. मागचा ब्रेक बदलायचा तर तो कुठे, कसा आणि का झिजतो हे समजलेली माणसं लागतात, आणि त्यांचं म्हणणं मान्य करणारा करार लागतो.

(ती गाडी पुढे ‘कोपेइका’ म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे पैसा, सगळ्यात लहान नाणं. किती मायेचं नाव आहे!)

टिटवीच्या पहिल्या पानाचं कच्चं चित्र झालं. समोरून, किंचित खालून. जाळी अजून रिकामी आहे, बिल्ला ठरलेला नाही.

२६ जानेवारी

सुट्टी, म्हणून मामांकडे. मामांचं गॅरेज उद्यमनगरात. आता जास्त काम त्यांचा मुलगा बघतो, पण मामा सकाळी येऊन बसतातच.

बिल्ल्याचं म्हटल्यावर त्यांनी माळ्यावरून पत्र्याचा बिस्किटांचा डबा काढला. आत तीस-पस्तीस मोनोग्राम. (गॅरेजात बिल्ला कोणी म्हणत नाही, मोनोग्रामच.) भंगारात गेलेल्या गाड्यांचे, अपघातातल्या गाड्यांचे, गिऱ्हाइकाने नवा लावून जुना टाकून दिलेले. मी एकेक उचलून पुढची बाजू बघत होते, तर मामा म्हणाले, “अगं, पुढून काय बघतेस? उलटा करून बघ.”

उलटा केला. मागे दोन पिना, एक मोडलेली. मोडलेल्या पिनेच्या बुडाशी बॉनेटचा रंग चिकटून आला होता, नखाएवढा टवका. वर मलई रंग, त्याखाली निळा, त्याखाली करडा प्रायमर. एका टवक्यात गाडीचा सगळा जन्म.

“नवा मोनोग्राम बसवायचा म्हटलं,” मामा सांगू लागले, “तर बॉनेटला आधीची दोन भोकं असतात. ती बुजवायची म्हणजे लांबी भरा, घासा, रंग मारा. कारखान्याला ते परवडत नाही. त्यापेक्षा नवा मोनोग्रामच असा करायचा की जुन्या भोकांत बसेल.”

“म्हणजे मामा, देशाच्या बिल्ल्याचा आकार दुसऱ्याच्या भोकांवरून ठरणार?”

“पहिल्या गाडीला तरी तसंच. भोकं पाडायचा डाय, म्हणजे साचा, कोणाचा आहे? ज्याचा डाय, त्याची भोकं.”

घरी येऊन दोन पिनांमधलं अंतर मोजलं: ६२ मिमी. तेच धरलं. रात्री दीडपर्यंत बसून टिटवी काढली. उंच पायांची, पंख अर्धे उघडलेले. तिचे दोन पाय बरोबर ६२ मिमी अंतरावर खाली येतात, आणि प्रत्येक पायाखाली एक पीन. ज्या भोकांवर टिटवी उभी आहे ती तिची नाहीत, हे कॅटलॉगमध्ये कुठेही लिहिणार नाही. पण चित्र त्यावरूनच झालंय.

२ फेब्रुवारी

नाव लोकांच्या तोंडी बसतं कसं, याचा विचार दोन दिवस डोक्यातून जात नाही.

प्रीमियरने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनवली. पुढे तिच्यावरचं नाव बदलून प्रीमियर प्रेसिडेंट झालं, मग प्रीमियर पद्मिनी. पण मुंबईत टॅक्सीवाल्याने तिला पद्मिनी म्हटलेलं मी क्वचितच ऐकलं. ती शेवटपर्यंत फियाट. ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची काळीपिवळी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून ती अधिकृतपणे गेली. तेव्हाही लोक हळहळले ते ‘फियाट गेली’ म्हणूनच.

उलट बाजूला मारुती. सरकारी कंपनी, फेब्रुवारी १९८१ ची. सुझुकीशी करार ऑक्टोबर १९८२ मध्ये, सुझुकीचा हिस्सा २६ टक्के. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. गाडी म्हणजे सुझुकीची आल्टो, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. मूळ गाडी परकीच, पण ‘सुझुकी घेतली’ असं तेव्हा कोणी म्हटलं नाही. ‘मारुती घेतली’ म्हणायचे, आणि पेढे वाटायचे. आमच्या गल्लीत तर ‘मारुती’ म्हणजे कुठलीही छोटी गाडी असा अर्थ झाला होता.

दोन्हीकडे बिल्ला बदलला. एकीकडे जुनं नाव टिकलं, दुसरीकडे नवं रुजलं. मला वाटतं फरक एवढाच की फियाट लोकांनी आधी फियाट म्हणूनच पाहिली होती, नाव नंतर पुसलं. मारुतीला मात्र लोकांनी पहिल्या दिवसापासून त्याच नावाने पाहिलं. शिवाय ज्याचं देऊळ प्रत्येक गावाच्या वेशीवर आहे, त्याचं नाव जिभेला वेगळं शिकवावं लागत नाही.

टिटवीसाठी निर्णय: तारव्यात मूळ नावाने एकही गाडी आधी विकलेली नसेल. पान ३ वर तसं वाक्य घातलं.

९ फेब्रुवारी

मलेशियाच्या प्रोटॉनचा दिवस. मला सगळ्यात जवळचं उदाहरण हेच वाटतं.

७ मे १९८३ ला कंपनी स्थापन झाली. ७० टक्के हिस्सा सरकारी अवजड उद्योग महामंडळाचा, ३० टक्के मित्सुबिशीच्या दोन कंपन्यांचा. कारखाना शाह आलमला. पहिली गाडी ९ जुलै १९८५ ला, प्रोटॉन सागा. खाली मित्सुबिशी लान्सर फिओरे. बिल्ल्यावर देशाच्या झेंड्यातली चंद्रकोर आणि चौदा टोकांचा तारा. त्याच वर्षी पेनांगचा पूल खुला झाला, तेव्हा पंतप्रधान महातीर लाल सागा चालवत पुलावरून गेले.

आणि सागा म्हणजे काय? एका झाडाचं बी. लाल, गुळगुळीत, पूर्वी सोनं तोलायला वापरत असत ते. नाव लोकस्पर्धेतून निवडलं होतं. झाडाचं शास्त्रीय नाव शोधलं आणि खुर्चीवरून उठलेच. ती आपली रतनगुंज! आमच्या शाळेच्या आवारात होतं ते झाड. शेंगा पिळवटून फुटायच्या आणि खाली लाल बियांचा सडा पडायचा, आम्ही कंपासपेटीत भरून आणायचो. ज्या बिया मी भातुकलीत वाटल्या त्यांचं नाव एका देशाने आपल्या पहिल्या गाडीला दिलं. संध्याकाळी जाऊन मूठभर घेऊन आले. टेबलावर बशीत ठेवल्यात.

मलेशियाची दुसरी राष्ट्रीय कंपनी पेरोदुआ, १९९३ ची. तिची पहिली गाडी दाइहात्सू मीरावरून केलेली, १९९४ ची ‘कांचिल’. कांचिल म्हणजे पिसोरी, ते मांजराएवढं हरीण. लहान गाडीला यापेक्षा नेमकं नाव सापडणार नाही. माझ्या छोट्या गाडीचं ‘खंड्या’ हे नाव आता जास्तच पटलं.

१५ फेब्रुवारी

रंगाची चाचणी फसली. टिटवीच्या चोचीजवळचा लाल कागदावर विटकरी येतोय. कागद बदलणार.

२३ फेब्रुवारी

आज कॅटलॉगचा कणा सापडला, तोही मामांच्या गॅरेजात, रत्नागिरीहून आलेल्या एका जुन्या गाडीच्या दारात.

दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आला होता, हरभऱ्याएवढा. मामांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर नुसतं टेकवलं आणि ते आत गेलं. पत्रा नव्हताच, रंगाचा पापुद्रा होता. मग त्यांनी दाराची आतली गादी काढून दाखवली. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दाराच्या आत उतरतं. ते कुणालाच पूर्ण अडवता येत नाही, म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवतात. त्या भोकांत लाल मातीचा चिखल बसतो. भोक बुजलं की पाणी आत साचतं, त्यात समुद्रावरचा खार. “दार आतून बाहेर सडत येतं,” मामा म्हणाले. “बाहेर फोड दिसला तेव्हा आत सगळं संपलेलं असतं.”

कोरड्या, थंड देशात बसलेल्या माणसाने ते भोक काढलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर जांभ्याचा चिखल नव्हता. त्याची चूक नाही. पण तारव्यात पहिल्या दोन पावसाळ्यांतच टिटवीची दारं सडायला लागणार.

तर कॅटलॉगमधली गोष्ट अशी: १९७२ मध्ये कारखान्यातली एक तपासनीस बाई परत आलेली दारं उघडून बघते. उपाय तिला कळतो. ६ मिमीचं गोल भोक काढून ११ मिमीचं लांबट करायचं, चिखल अडकणार नाही असं. पाच मिनिटांचा विचार, एका पंचचा खर्च. पण करारात लिहिलंय की मूळ कंपनीच्या मंजुरीशिवाय कुठल्याही ड्रॉइंगला हात लावायचा नाही. पत्र बोटीने जातं. उत्तर येतं १४ महिन्यांनी.

मूळ कंपनीच्या बाजूनेही लिहायला हवं. तळाचं भोक मोठं केलं तर कड कमजोर होते का, धूळ आत येते का, उद्या दाराला तडा गेला तर जबाबदार कोण. हे त्यांनी विचारणं रास्तच आहे. म्हणून त्यांच्या पत्रात मी तीन प्रश्न घातले आणि त्या बाईने तिन्हींची उत्तरं मोजमाप करून दिली. उत्तरं देता देता कारखान्यात पहिल्यांदा एक चाचणी विभाग तयार झाला. करार कडक होता, पण त्याच्याशी झगडतानाच माणसं शिकली.

कॅटलॉगच्या मधोमध आता घडी घातलेलं मोठं ड्रॉइंग येणार, दाराचं. विक्रीच्या कॅटलॉगमध्ये असं ड्रॉइंग कोणी टाकत नाही. तारव्याने टाकलंय, कारण त्यांना त्याचाच अभिमान वाटतो.

२ मार्च

रुमानियाची दाचिया. पितेश्तजवळचा कारखाना. ऑगस्ट १९६८ मध्ये रेनॉ ८ वरून दाचिया ११००, आणि १९६९ मध्ये रेनॉ १२ वरून दाचिया १३००. ही १३०० थोड्याफार बदलांनी २००४ पर्यंत बनत राहिली. दाचिया हे त्या भूमीचं रोमन काळातलं नाव.

पस्तीस वर्षं एकच सांगाडा. हे वाचून वाईट वाटलं. शिकायला मिळालेली गाडी शिकण्याची जागा न राहता आयुष्यभराचं घर झाली, तर कारखाना तिथेच थांबतो. आपल्या अँबॅसेडरचंही तेच. मॉरिस ऑक्सफर्डवरून १९५७ ला सुरू होऊन उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत. त्या गाडीवर आपलं प्रेम आहे, माझंही आहे, पण प्रेमाने रचना पुढे सरकत नाही.

दाचियाचं पुढे मात्र वेगळंच घडलं. १९९९ ला रेनॉने कंपनी विकत घेतली आणि २००४ ला दाचिया लोगान आणली. स्वस्त, मजबूत, खराब रस्त्यांची. ती गाडी आपल्याकडे आली २००७ मध्ये, महिंद्र रेनॉ लोगान म्हणून, आणि बनली कुठे तर नाशिकला! रेनॉ भागीदारीतून बाहेर पडल्यावर २०११ मध्ये तिचंच नाव व्हेरिटो झालं. नंतर डस्टरही तशीच. युरोपात दाचिया, इथे रेनॉ. ज्यांनी कधी रेनॉच्या गाडीवर आपला बिल्ला लावला, त्यांच्या गाडीवर आता रेनॉचा बिल्ला.

नाशिकला मावशीकडे व्हेरिटो होती. मी त्या गाडीत बसून सप्तशृंगीला गेलेय. रुमानियापासून निघालेली गोष्ट घाट चढत होती आणि मला पत्ता नव्हता.

घारीची पानं यावरून बदलली. घार ही टिटवीच्या सांगाड्यावरची पिकअप. तिचा तळ तारव्याने स्वतः केलेला. शेवटच्या पानावर घारीचं एक छायाचित्रासारखं चित्र असेल, दुसऱ्या देशाच्या बंदरात, दुसऱ्याच बिल्ल्याखाली.

१६ मार्च

प्रोटॉनकडे पुन्हा जावं लागलं, कारण खंड्याच्या पानावर अडले होते. खंड्याचं इंजिन कोणाचं?

सागा १९८५ ची. प्रोटॉनचं स्वतःचं कॅम्प्रो इंजिन गाडीत आलं २००४ ला, तेही १९९६ मध्ये इंग्लंडची लोटस घेतल्यानंतर तिच्या मदतीने. एकोणीस वर्षं. आणि तरीही २०१० ची इन्स्पिरा पुन्हा मित्सुबिशी लान्सरच, २०१६ ची अर्टिगा सुझुकीची. २०१७ मध्ये चीनच्या गीलीने ४९.९ टक्के हिस्सा घेतला, आणि २०१८ अखेरची एक्स ७० म्हणजे गीलीची बोयुए. यावर लोक ‘गाडं फिरून तिथेच आलं’ म्हणतात. मी म्हणणार नाही. १९८५ ला चुकीचं ड्रॉइंग समोर ठेवलं असतं तर चूक दाखवू शकणारी माणसं तिथे मोजकीच असतील. २०१८ ला तशी माणसं कारखानाभर होती.

खंड्याचं इंजिन विकत घेतलेलंच ठेवलं. गिअरबॉक्स तारव्याची. ४० लाख लोकांच्या देशाला दोन्ही झेपणार नाही, आणि तसं खोटं लिहिणं मला जमणार नाही.

२३ मार्च

प्रूफ आलं. लाल रंग आता बरोबर आहे, रतनगुंजेसारखा; बशीतली बी शेजारी ठेवून ताडून पाहिला.

दाराचं ड्रॉइंग मामांना दाखवायला नेलं. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं, बोट फिरवत. मग म्हणाले, “भोक ठीक आहे. पण जागा चुकली. तुझ्या चित्रात दाराची खालची कड बिजागरीकडे उतरतीय. पाणी तिकडे जाणार. आणि तू भोक काढलंयस मध्यभागी.”

खरंच उतरत होती. मीच काढली होती तशी. प्रेसला फोन करून मधलं पान थांबवायला सांगितलं आणि भोक बिजागरीकडे ४० मिमी सरकवलं.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात बदलांची चौकट आहे. पहिली ओळ: मूळ ड्रॉइंग, १९६८, मंजुरी मूळ कंपनीची. दुसरी ओळ: भोक ११ मिमी लांबट, १९७३, मंजुरी मूळ कंपनीची. आज तिसरी ओळ भरली: भोकाची जागा बिजागरीकडे ४० मिमी, १९७९. मंजुरीच्या रकान्यात त्या तपासनीस बाईची सही काढली, निळ्या शाईने, तारव्याच्या लिपीत. पान सकाळी प्रेसला जाईल.